स्क्रीनकडे पाठ करून बसणारा

महेंद्र गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवत होतो. त्याची बहीण करुणा बोलत होती. ‘दादा, महेंद्रदादा गेला... झोपेतच.’ दाखवत होतो तो मोबाइल मी परत खोक्यात ठेवला. आणि खरं सांगतो, तशातही मनात आलंच, लेका, मरणसुद्धा किती आरामाचं मिळवलंस! आता महिना होत आला, पण त्याचा हेवा करायची सवय काही सुटत नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. गोंदियात स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये कार रेसिंगचा राजा मीच होतो. मी वळण घेतलं की बाहेरच्या सायकली आडव्या व्हायच्या, तिकडे नागझिऱ्यात वाघ कान टवकारायचे. खोटं वाटत असेल तर वाघांना विचारा. महेंद्रला मात्र गाडी सरळही चालवता यायची नाही. सौंदडहून रोज रेल्वेने यायचा, मानसशास्त्रात एम.ए. करायचा. प्रबंधाला विषय घेतला, गेम खेळता खेळता कंटाळलेला माणूस काय करतो! त्यासाठी हा टीव्हीच्या बाजूला, स्क्रीनकडे पाठ करून बसायचा आणि खेळणाऱ्यांची तोंडं बघायचा. ‘भाई, यहाँ लोग गेम देखने आते हैं, मुँह नहीं,’ मालक करवादायचा.

कोणी मुद्दाम भिंतीवर गाडी आपटली, कोणी उलटी हाकली, की महेंद्रचे डोळे चमकायचे. मग त्याच पोरांना टपरीवर नेऊन चहा पाजायचा, खोदखोदून विचारायचा. जिंकणारा मी, आणि चहा हरणाऱ्यांना! माझ्या पोटात नुसता वणवा. प्रबंधात यायचंच म्हणून एकदा मी जबडा निखळेल अशा जांभया दिल्या आणि अख्खी शर्यत उलटी गाडी हाकली. तरी पहिलाच आलो, तो भाग वेगळा. महेंद्र पोट धरून हसला.

‘तुले कंटाळा येऊन नाही राहिला बे, तू दाखवून राहिला.’

‘काऊन? माह्या जांभया खोट्या?’

‘समोर कोणी पाहून राहिलं का, तुले कंटाळा येतच नाही. तू कायच्या कामाचा?’

झालं, प्रबंधातून माझा पत्ता कट. पुढे तो नागपूरला प्राध्यापक झाला. तो तिकडे गेल्यावर थोड्याच दिवसांत मीही पार्लर सोडलं. मशीनच मला घाबरतं, असं सांगत फिरलो.

शोकसभेत त्याच्या विद्यार्थिनी हुंदके देत होत्या. एक म्हणाली, ‘सर आमचे चेहरे बघूनच धडा थांबवायचे.’ जळून कोळसा झालो मी. अगं बाई, तुझ्याआधी कितीतरी वर्षं तो माझं तोंड बघत होता...

परवा बाजार बंद होता. दुकानातल्या टीव्हीवर तशीच एक शर्यत लावली. पहिल्याच फेरीत गाडी पुलावर उभी केली आणि खालच्या पाण्याकडे बघत राहिलो. बाकीच्या गाड्या भर्रकन निघून गेल्या. अंगठा हलेना. जांभई नाही, नाटक नाही... किती वेळ गेला कोण जाणे. मग ध्यानात आलं, हा कंटाळा अस्सल आहे.

‘आता तरी लिही बे,’ टीव्हीच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत मी म्हणालो.