छपरातलं चांदणं

उसाच्या पाचटाचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला सांगलीचा तो मांडव आठवतो आणि माझं मलाच हसू येतं. शेजारच्या चित्रकलेच्या बाई ज्यू होत्या, मराठी माझ्यापेक्षा चोख. त्यांच्या एका सणाला अंगणात पानांचं खोपटं घालतात. त्या वर्षी बाईंनी ते साऱ्या गावासाठी चौकात उभारलं आणि भोवतीच्या पडद्यांवर डाळिंबं, द्राक्षं रंगवली. छप्पर शाकारायचं काम माझ्याकडे आलं. मी ऊसवाल्यांची लेक, नवी नवरी, अंगात मिजास लय! माहेरहून गाडीभर पाचट आणलं आणि असा दाट थर दिला की सुई शिरू नये. संध्याकाळी लोक बघायला जमले. बाईंनी आत जाऊन वर पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, आतून चांदण्या दिसायला हव्यात, नाहीतर हा आमचा सणाचा मांडवच नव्हे!" "आवं बाई, पर पाऊस आला तर?" "तर भिजायचं!" सगळा चौक हसला. मी पदर खोचून शिडीवर चढले आणि मुठी भरभरून पाचट उपसू लागले. पहिली चांदणी दिसली तशा बाई खालून ओरडल्या, "बास गं, आता झाला मांडव!" परवा मुलगा म्हणाला, "आई, गच्चीवर पत्रा टाकूया." म्हटलं, "टाक की, पण माझ्या खाटेच्या वर एक भोक ठेव." सुनेनं लगेच डॉक्टरांची वेळ घेतलीय.