दगडावर दगडू

लढाईत पडलेल्या माणसाचं नाव मी चुकवलं, आणि तेही वळणदार अक्षरात. सातवी पास होऊन मुरुम शहराजवळच्या या गावात सून म्हणून आले होते. शिक्षणाचा तोरा असा, की पाण्याला निघाले तरी कानावर पेन्सिल. बाहत्तरचा दुष्काळ होता, घरची सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. सोसायटीचा सेक्रेटरी दारात आला. आदल्या वर्षीच्या लढाईत माझे थोरले दीर गेले होते, त्यांच्या नावाचा स्तंभ सोसायटीच्या आवारात उभारायचा होता. "नाव लिहून द्या," म्हणाला. "सासऱ्यांना विचारून सांगते," एवढं म्हणायला जीभ झिजली नसती. पण मी ऐटीत कागद ओढला आणि लिहिलं, दगडू. सासूबाई हीच हाक मारायच्या. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं नाव. कागदोपत्री ते माणिक होते. तार आली तेव्हा मी माहेरी, मला कोण सांगणार? धाकट्या सुनेनं थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, नवऱ्याचं नाव कशाला घेतील...

त्या अक्का गेल्या महिन्यात गेल्या. तेव्हापासून तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. पडदा सरकला, मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. "दगडावर दगडू," मागून कुणीतरी बोललं आणि हशा पिकला. सासरे उठून म्हणाले, "माणिक. माझ्या लेकाचं नाव माणिक हाय." भाषणाच्या गडबडीत ते कुणी ऐकलं नाही. अक्कांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी पाथरवट पुन्हा आला. आमच्यासाठी नव्हे. पाहुण्यांच्या नावापुढचं 'बी. ए.' राहिलं होतं. अक्का कामावरून तशाच, खडीच्या धुळीनं पांढऱ्याफटक, तिथं गेल्या; मी मागं. चेअरमन म्हणाले, "अहो वहिनी, कोरलेला दगड कसा बदलायचा? भावना महत्त्वाची."

"मग छिन्नी माझ्याकडं द्या," अक्का म्हणाल्या. "रोज खडी फोडते म्या. तीन अक्षरं फुटत न्हाईत व्हय?"

पाथरवटानं चेअरमनकडं पाहिलं, मग मान खाली घालून 'बी. ए.' कोरायला लागला.

त्याची ठकठक आठवली की आजही माझं टाळकं सरकतं. पुढं सोसायटी मोठी झाली, गोदाम झालं, स्तंभाला साखळ्या लागल्या. दर पंधरा ऑगस्टला तिथं भाषणांत रक्ताचे थेंब आणि मातीचं ऋण. अक्कांना घरी माणूस धाडून बोलवायचे, आणि समई लावायची वेळ आली की तोच माणूस हळूच म्हणायचा, "अक्का, जरा बाजूला." विधवेचा हात नको! ज्याच्या मरणाचा सोहळा, त्याचीच बायको अपशकुनी. लढाई आपण जिंकली हे सांगायला गावभर माणसं. कोण मेलं, हे धड विचारायला एक नाही. आणि ज्या एकीला विचारलं, ती मी दीडशहाणी.

अक्कांनी तंबाखू कधीच सोडली होती, पण त्यांच्या चंचीतली चुन्याची डबी शेवटपर्यंत ओली होती. आता ती माझ्या फडताळात आहे. सोहळा उरकून मंडप निघाला की त्या स्तंभाकडं जायच्या आणि 'दगडू'च्या खाली बोटानं चुन्याचं 'माणिक' लिहायच्या. पावसानं धुवून जायचं, पुढल्या साली पुन्हा. तेवढी तीन अक्षरं त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली होती, परातीत पीठ पसरून. पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी मी शेजारी उभी होते. 'णि'ची वेलांटी जरा कलली होती. मी चाचरत म्हणाले, "अक्का, माझ्यामुळं हे..."

त्यांनी चुन्याचं बोट पदराला पुसलं. म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. आधी मोठ्यांदा वाच. मला नाव घेता येत न्हाय, आन् गाववाल्यांना घ्यायचं न्हाय."