शिदूचे बेट

शिदू गेल्याची बातमी मला कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीसमोर, माझ्या नेहमीच्या बैठकीवर मिळाली. बांधाच्या तक्रारीचा एक अर्ज मी लिहावयास घेतला होता आणि 'मेहेरबान साहेबांचे सेवेसी' एवढेच लिहून झाले होते. आमच्या गावचा गाडीवान गाडीवरून खाली न उतरताच म्हणाला, "नाना, शिदू गेला. ताप उतरलाच न्हाई. आक्खा गाव गोळा झालाय, समदी गुऱ्हाळं बंद ठिवल्यात." मी टाक खाली ठेवला... वाचकांपुढे खोटे लिहावयाचे नाही असे ठरवून मी आज बसलो आहे, म्हणून सांगतो. दुःख झाले ते मागाहून. प्रथम मनात आले ते असे, की मी गेलो तर एक तरी गुऱ्हाळ बंद राहील काय?

शिदू उंब्रजजवळच्या आमच्या गावचा गुळव्या होता. कढईतल्या रसाचा गूळ केव्हा झाला, हे तो नुसत्या बोटांनी ओळखीत असे. त्याला सही येत नव्हती. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला असून माझे अक्षर दोन मामलेदारांनी वाखाणलेले आहे. लढाईच्या काळात आम्ही दोघे रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत भरती झालो, तो कुदळ-फावड्यावर आणि मी तिच्या कचेरीत. कंपनी सिलोनला गेली. ते बेट मी त्याच्या आधी पाहिले, कारण बोटीच्या कठड्याशी मी आधी पोचलो. तेवढ्या एकाच बाबतीत मी त्याच्या पुढे राहिलो.

आमची छावणी डोंगराच्या पायथ्याशी होती. एका रविवारी वाऱ्यावर गुळाचा वास आला आणि शिदू त्या वासामागे चालत निघाला. इंग्रजी येणारा कोणी बरोबर हवा म्हणून मीही गेलो. झावळ्यांच्या खोपीपुढे एक कृश सिंहली माणूस चुलाणावर कढई ढवळीत होता. ऊस तर कोठेच दिसेना. माडासारख्या एका झाडाचा फुलोरा कापून त्यातून ठिबकणारा रस तो आटवीत होता. त्याचे नाव सोमपाल. मी त्याला माझ्या इंग्रजीत गाव, जात, धंदा विचारला. तो नुसता हसला. शिदूने काहीच विचारले नाही. शेजारच्या करवंटीतल्या पाण्यात त्याने बोटे बुडवली, उकळता पाक चिमटीत उचलून त्याची गोळी वळून पाहिली आणि मान हलवली... अजून अवकाश आहे. सोमपाल त्याच्याकडे पाहत राहिला. मग तो आत गेला आणि विड्याच्या पानांची जुडी आणून ती दोन्ही हातांनी शिदूपुढे धरली. थोरामोठ्यांना मान देण्याची त्या बेटावरची ती रीत आहे. मला त्याने बसावयास एक दगड दाखविला.

पुढच्या रविवारपासून सोमपाल आम्हांला बेट दाखवू लागला. 'आम्हांला' हा शब्द मी परत आल्यापासून मोठ्या ऐटीने वापरीत आलो, पण तो त्या एका रविवारपुरताच खरा आहे. रानात शिरताच पायांना जळवा लागल्या. सोमपालने चुना आणि तंबाखू चोळावयास दिली, तरी पोटऱ्यांवरून ओघळणारे रक्त पाहून मी ओरडलो.

"आरं नाना, वरडतोस काय एवढा? त्यास्नी एक अर्ज लिवून टाक की!"

शिदू हसला. शब्द न कळताही सोमपाल हसला. कचेरीत काम असल्याचे सांगून मी मागे फिरलो. काम नव्हते.

त्यानंतरचे सर्व रविवार त्या दोघांचे. संध्याकाळी शिदू परत येई तेव्हा त्याच्या अंगाला दालचिनीच्या सालीचा वास असे. हत्तींनी अंग घासून गुळगुळीत केलेले खोड, फांदीवर झोपलेली घोरपड, बुद्धापुढे पांढऱ्या चाफ्याची फुले मांडणाऱ्या म्हाताऱ्या, वैशाखी पौर्णिमेला दारोदार टांगलेले कागदी कंदील... हे सारे तो तुटक बोलून संपवी. "लय मोठं झाड, नाना. लय म्हंजे लयच." मी खोदून खोदून विचारी आणि वहीत उतरवून घेई. एकदा त्याने सांगितले, की सोमपालने त्याला एका धबधब्याच्या पाठीमागे नेले; पडत्या पाण्याच्या आड खडकाची ओटी आहे, तिथे बसून दोघांनी गुळाचा खडा दाताखाली धरून कोरा चहा घेतला.

"मग बोललात काय?"

"काय बोलनार? पान्याचा आवाज केवढा! बसलो गप."

एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसे तासभर गप्प बसू शकतात, याचा मला जेवढा मत्सर वाटला तेवढा कोणाच्या जमिनीचा किंवा हुद्द्याचा कधी वाटला नाही. माझ्याजवळ शिदू असा कधी बसला नव्हता. मीच त्याला बसू दिले नव्हते.

लढाई संपून परत आल्यावर कऱ्हाडच्या कचेरीसमोरच्या हॉटेलात एका वकिलाच्या कारकुनाने विचारले, "काय नाना, बेट पाहिलंत, की नुसता टाकच घासलात?" मी तोंड उघडले आणि थेट धबधब्यामागे जाऊन बसलो. पाकाची गोळी मी वळली, पानांची जुडी मला मिळाली. तुषारांतले इंद्रधनुष्य तेवढे माझ्या पदरचे. बाजाराच्या दिवशी लोक ती हकीकत ऐकावयास येऊ लागले. असाच एकदा मी ऐन धबधब्याशी आलो असता शिदू दारात उभा! मी वाक्य अर्धेच सोडले. त्याच्या एका शब्दाने माझी सारी पत जाणार होती. तो शांतपणे बाकावर टेकला.

"थांबलास का रं? म्होरं सांग की. पान्यामागं गेलास, मग?"

कारकून म्हणाला, "शिदबा, तुम्ही नव्हता का बरोबर?"

"आमी फावडं मारत हुतो, साहेब. हिंडायचं काम नानाचं."

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारले, आणि रागाने विचारले, की तू खोटे का बोललास? तो म्हणाला, "तू लय झ्याक सांगतोस, गड्या. ऐकताना मला पुन्यांदा गेल्यावानी वाटतं." म्हणजे बेट पाहिले ते त्याने, आणि ते देऊन टाकण्याइतका श्रीमंतही तोच. त्या दिवसापासून माझा हेवा कमी न होता वाढला. शिदू मात्र येत राहिला, चहा घेत ऐकत राहिला.

तेरावा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी चार शब्द सांत्वनाचे बोललो. ते वहिनींनी ऐकलेसे वाटले नाही.

"आवं भावजी, येक इचारायचं हुतं. शेवटचं दोन दिस त्यांनी आपल्या हिरीच्या पान्याला तोंड लावलं न्हाई. 'त्ये पानी, त्ये पानी' म्हनायचे. कंचं म्हनलं, तर म्हनले, बेटावरलं, डोंगरातनं पडतंय त्ये, नानाला ठावं हाय. तुमी तर तितं बसला हुता. कसं हुतं वो? लय गार हुतं का?"

त्या पाण्याची उंची मी शेकडो वेळा सांगितली होती, गर्जना सांगितली होती. ते गार होते की नव्हते, हे मी शिदूला कधीच विचारले नव्हते... 'बर्फासारखे गार' हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढे म्हटले असते तर त्यांचे समाधान झाले असते आणि माझी अब्रूही राहिली असती. पण त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी तिथे नव्हतो. शिदू होता, आणि तो सोमपाल."

वहिनी रागावल्या नाहीत. मग पदर सारखा करीत म्हणाल्या, "मग ज्यो हुता त्याला लिवा की. तुमास्नी लिवाय येतंय न्हवं?"

सोमपालचा पत्ता माझ्याजवळ होता. त्याला पत्र लिही म्हणून शिदूने मला तीनदा सांगितले होते आणि तिन्ही वेळा मी कामाची सबब पुढे केली होती. परक्यांची गाऱ्हाणी एका बैठकीत उतरविणाऱ्या मला हे पत्र चार वेळा फाडावे लागले. अखेरीस त्यात तीनच वाक्ये उरली. शिदू वारला. त्याची बायको विचारते. ते पाणी गार आहे का?

पत्र टाकल्याला महिना होत आला, उत्तर नाही. त्याच्या गावचा इंग्रजी येणारा एखादा मास्तर ते त्याला वाचून दाखवील. तो कढई उतरवून ठेवील, शिदूसाठी थोडा वेळ गप्प बसेल... आणि शेवटचा प्रश्न ऐकून त्याला कोणतीही वही उघडावी लागणार नाही. माझा हेवा आता समुद्रापलीकडे त्या माणसापाशी जाऊन बसला आहे.