ठोकळेमामा आणि मामीचा रस्ता

आमचे ठोकळेमामा रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घालत नसत, उडी मारत. म्हसावदचे रस्ते असे की घर येईपर्यंत त्यांचे पाय जमिनीला लागतच नसत. अख्खी गल्ली याला साक्षी आहे. टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे ते ठोकळ्याठोकळ्यांचे खेळ लहानपणी त्यांच्या अंगात शिरले, ते पुन्हा निघालेच नाहीत.

पोटापाण्याला मामा लग्नाच्या आमंत्रणांचे व्हिडिओ करत. चौकोनी नवरदेव टुणटुण उड्या मारत, केळीचे घड गोळा करत मांडवात पोचायचा. एकदा शहाद्याचा नवरदेव व्हिडिओतल्या विहिरीत पडला. वरबाप असा गरजला की तापीला पूर यायचा तेवढा राहिला. मामा शांत. "घाबरू नका आबा, नवरदेवले आखो दोन जीव शेत!"

चिंचपाड्याच्या डॉक्टरांनी खाटेला खिळलेल्या मामीला आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा तिने हट्ट धरला. "जगले नाचाडतस तुम्ही, माले कव्हय चालाडशात? प्रकाशाले ली चला." प्रकाशा म्हणजे तापीकाठचं देवळांचं गाव. मामांनी पडद्यावरच्या मामीचे ठोकळे जुळवायला घेतले. हिरवं पातळ, मोठं कुंकू.

"इतली जाड शे का मी?"

"चौकोनमा बसनी तू, हाईच भलतं शे!"

मामी पोट धरून हसली.

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा ठरला होता. पण देऊळ जवळ आलं की मामा मध्येच ऊस पेरत, पपईची बाग लावत, म्हशींचा कळप आडवा घालत. तापी तर इतकी रुंद केली की पलीकडचा काठ गुजरातेत गेला. मी वैतागून म्हणालो, "मामा, संपवा ना आता!"

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "ती पोचनी का खेय खलास, भाशा."



मामीला सगळं कळत होतं. रोज थोडा नवा रस्ता बघायची. एका दुपारी मात्र तिने त्यांचा हात धरला. "आते पोचाडा माले. दमी गऊ मी."

मामांनी म्हशी हाकलल्या, ऊस कापला, नदी आवरली. संध्याकाळी पडद्यावरची मामी देवळाशी पोचली. खाटेवरच्या मामीने हात जोडले. "बरं झायं," म्हणाली. पहाटे ती गेली.

पाहुणे पांगल्यावर मी संगणक बंद करायला उठलो. त्या जुन्या खेळांत माणूस नुसता उभा असला तरी त्याची छाती हलत राहते. तशीच मामी पायरीपाशी उभी होती. एक ठोकळा वर, एक ठोकळा खाली.

मामांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. आत्तेच पोचनी शे ती. जराक दम खाऊ दे तिले."