विकायची गाडी सर्किटवर

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी खाली पार्किंगमध्ये नवऱ्याची लाल गाडी रिकामी करत होते. गाडी जुनी, दोन दारांची. मागच्या सीटवर माणूस सोडा, भाजीची पिशवीसुद्धा नीट बसत नाही. डिकीतून दोन घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि वर्षभर मी घरात शोधत असलेलं इडलीपात्र निघालं. सर्किटवर गाडीत सुटी वस्तू ठेवलेली चालत नाही, म्हणून ही साफसफाई.

आम्ही शारजात, अल नहदाला राहतो. एका फ्लॅटला पार्किंगची जागा एकच, आणि तिथे ही महाराणी झाकून ठेवलेली. मी रोज ऑफिसला नेते ती गाडी मात्र दोन इमारतींपलीकडच्या वाळूच्या मैदानात. जुलैमध्ये तिथून तांदळाची पिशवी घेऊन चालत आलं की माणूस फार विचार न करता निर्णय घेतो. यंदाच्या उन्हाळ्याआधी ती जागा मला हवी होती, म्हणजे लाल गाडी विकायला हवी होती.

नवरा चक्क हो म्हणाला. अट एकच. दुबईच्या ज्या सर्किटवर दर जानेवारीत गाड्या रात्रंदिवस पळवायची शर्यत होते, तिथे ती एकदा चालवायची, आणि जाहिरातीचे फोटो मी तिथेच काढायचे. ती शर्यत तो कितीतरी वर्षं शाल गुंडाळून स्टँडमधून बघत आलाय. म्हटलं, होऊन जाऊ दे.

ट्रॅक डेला पैसे भरून कोणीही आपली गाडी त्या रस्त्यावर पळवू शकतो. टायर तपासतात, कुठला झेंडा दिसला की काय करायचं ते सांगतात. गाड्या तयार करून उभ्या करतात त्या पिटच्या भिंतीवर जुन्या शर्यतींचे फोटो होते. एकेका फोटोपुढे नवरा देवळात उभं राहावं तसा उभा. भाड्याच्या हेल्मेटमध्ये त्याचे गाल इतके दाबले गेले की तो काय सांगतोय ते मला कळेना. मी नुसती मान डोलावली.

मी वळणावरच्या कुंपणापाशी कॅमेरा लावला. पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवला की गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं पुसट. हे मी खाडीवरच्या फ्लेमिंगोंवर शिकले होते, आणि नवरा फ्लेमिंगोंपेक्षा सावकाश होता. एका छोट्या पांढऱ्या गाडीनंही त्याला मागे टाकलं. फोटोत मात्र तो वादळासारखा आला. चाकं फिरताहेत, गाडी एका अंगाला झुकलीय. मी माझ्यावरच खूश झाले.

उतरला तो वाकड्या मानेनं. त्यामुळे घरी येताना लाल गाडी मी चालवली, आणि बाजूला बसून त्यानं फोनवर जाहिरात टाकली. एसी उत्तम आहे हे लिही, असं मी दोनदा सांगितलं. त्यानं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी फोन आले, पण गाडी ट्रॅकवर पळवलीय का, एवढा एकच प्रश्न विचारून सगळे ठेवून देत. एकानं तर मला समजावलंच, "मॅडम, रेस में चलाया है तो इंजिन खलास."

मुलीनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "ममा, ट्रॅकवर नेलेली कार नोबडी बाइज. पप्पा नोज दॅट."

नवरा सोफ्यावर मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"अहो, तुम्हाला हे माहीत होतं?"

"फोटो काय सुंदर काढलेस पण," तो म्हणाला. "असे फोटो बघून कोणाला गाडी विकावीशी वाटेल?"

म्हणजे फोटो जितके चांगले, तितकं गिऱ्हाईक लांब. माझ्याच कॅमेऱ्यानं माझी जागा अडवायचा बेत होता, आणि तो जमलाही होता. मी पाणी गरम करून त्याला पिशवी पुन्हा भरून दिली.

रविवारी सकाळी तो झोपला असताना गाडी इमारतीसमोर उभी केली. मागच्या काचेपाशी टिश्यूचा डबा ठेवला, पुढच्या सीटवर माझी पर्स. फोनवर सरळसोट, अगदी रटाळ फोटो काढले. जुनी जाहिरात काढून टाकली आणि नव्या जाहिरातीत वर लिहिलं, "लेडी ड्रिव्हन". इकडे जुन्या गाडीच्या जाहिरातीत हे दोन शब्द दिसले की लोक धावत येतात. बाईनं चालवलेली म्हणजे जपून वापरलेली, असा सगळ्यांचा समज आहे. त्यात खोटं काही नव्हतं, आदल्या दिवशी मीच चालवली होती.

चहा गाळायच्या आत फोन आला. त्या माणसानं इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त कुठे येऊ एवढंच विचारलं. मी खाली जाऊन लाल गाडी वाळूच्या मैदानात नेऊन ठेवली, माझी गाडी आमच्या जागेत लावली आणि त्याला मैदानाचं लोकेशन पाठवलं.