आयचा उजवा हात

“तुझ्या आईला मागं बसव. तिचा हात फोटोत येतोय.”

संस्थेची मॅडम हे मला म्हणाली आणि मी आयला मागं बसवलं. दंडाला धरून उठवलं, शेडच्या पत्र्याला टेकवून बसवलं, पत्रावळ्यांच्या ढिगाआड. उजवा हात तिनं पदराखाली घेतला. हाताला जुन्या लुगड्याची चिंधी होती आणि चिंधीतून पाणी झिरपत होतं.

त्या दिवशी आमच्या पाड्यावर परदेशी पाहुणे येणार होते.

शेणवे गावाच्या वर डोंगरात आमचा पाडा. आम्ही ठाकर. पळसाची पानं आणायची, काडीनं टाचायची, पत्रावळ्या शहापूरच्या बाजारात विकायच्या, हे आय लहानपणापासून करत आलेली. नव्वद सालानंतर मॅडमच्या ठाण्याच्या संस्थेनं बाहेरच्या देशातून मदत मिळवली आणि आमच्यासाठी मशिन आणलं. गरम साच्यात पानं दाबली की पत्रावळ तयार. शेडवर पाटी लागली, महिलांच्या मालकीचा उद्योग. मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून अध्यक्ष मी. आम्हाला कोण आनंद झाला. मशिनला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेडची चावी मात्र संस्थेच्या सुपरवायझरच्या खिशात. मालकिणी सकाळी दारात बसून त्याची वाट बघायच्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज जास्त खुपतं.

हात आत जाऊ नये म्हणून त्या मशिनला लोखंडी जाळी होती. पाहुण्यांना माल भरपूर दिसला पाहिजे म्हणून सुपरवायझरनं चार दिवस आधी ती काढून ठेवली. जाळीनं टाइम जातो, म्हणाला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आय पान सारखं करत होती आणि वरचा तापलेला साचा तिच्या उजव्या हातावर आला. ती मटकन खाली बसली. तो वास मी अजून विसरले नाही.

मी जीप मागितली. दवाखान्यात नेते म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, जीप उद्या पाहुण्यांना आणायला धुऊन ठेवलीय, डाग पडतील. मी आयच्या हाताला हळद भरली. दुसरं काय होतं घरात?

पाहुणे आले. दोन पुरुष आणि एक उंच गोरी बाई, उन्हानं लाल झालेली. हसरी होती. मॅडमनं मला पाठ करायला दिलेलं मी सगळं बोलले. आम्ही आता आमच्या पायावर उभ्या आहोत, मी म्हटलं. टाळ्या झाल्या.

मग ती गोरी बाई चालत चालत ढिगामागं गेली. बायांमध्ये म्हातारी कोण, तर आय. तिच्यासमोर ती वाकली आणि खुणेनं एक पत्रावळ मागितली.

आयचा डावा हात धड होता. तो पुढं केला असता तर काहीच झालं नसतं. पण आमच्यात पाहुण्याला डाव्या हातानं देत नाहीत. पाणी नाही, भाकर नाही, काही नाही. आयनं पदर सारला. चिंधी गुंडाळलेला उजवा हात बाहेर काढला, त्यानं पत्रावळ उचलली, डाव्या हाताचा आधार दिला आणि अदबीनं पुढं धरली. तिचा ओठ दाताखाली होता.

गोऱ्या बाईचं हसू गेलं. तिनं मॅडमला काहीतरी विचारलं. मॅडम माझ्याकडं वळली. चेहरा हसराच.

“सांग, चुलीवर भाजला.”

सगळे माझ्याकडं बघत होते. वीस बायांचं काम माझ्या तोंडावर होतं. खरं बोलले तर मशिन जाईल, एवढंच डोक्यात.

“चुलीवर भाजला,” मी म्हटलं.

मॅडमनं त्याचं इंग्रजी केलं. आयनं माझ्याकडं बघितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण ती नुसती बघत राहिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीप गेल्यावर मॅडमनं आवाज चढवला. “डावा हात नव्हता का हिला?”

आय म्हणाली, “पावन्याला डाव्या हातानं देतात का बाय?”

मॅडम सुपरवायझरकडं बघून हसली. अडाणी आहेत, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. उशीर झाला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीची वाकडी झाली. डोळे मिटून पत्रावळ टाचणारी माझी आय. तिला काडी धरता येईना. भातलावणीला कुणी बोलवेना. डाव्या हातानं जेवायची तिला लाज वाटायची. सगळ्यांचं झालं की भिंतीकडं तोंड करून जेवायची. हात मशिननं भाजला होता, पण चुलीचं नाव घेणारी मी होते. लेक होते मी तिची.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे ठरले. तीच गोरी बाई. मदत पुढं चालू ठेवायची की नाही ते बघायला येणार होती. मॅडमनं मला पुन्हा कागद दिला आणि म्हणाली, “आईला आज घरीच ठेव.”

“नाय ठेवणार,” मी म्हटलं.

मॅडमला वाटलं, मी आपली चिडून बोलतेय. पाहुणे शेडमध्ये आले तेव्हा मी आयला पुढं आणलं. कागद खाली टाकला. लाइट गेलेली होती, मशिन थंड होतं. मी म्हटलं, “आय, हात दे.” तिनं दिला. मी तो साच्यावर ठेवला. साच्याच्या गोल काठाच्या रेघा आणि आयच्या तळव्यावरचे वळ एकावर एक बसले. इंग्रजी लागलं नाही. मग पोत्यांमागं पडलेली जाळी ओढत आणली आणि गोऱ्या बाईच्या पायाशी टाकली.

मॅडम भराभर इंग्रजी बोलू लागली. मी म्हटलं, “मॅडम, चुलीला असला काठ नसतो. हे पण सांगा त्यांना.”

तिनं सांगितलं की नाही, मला कळलं नाही. गोऱ्या बाईनं आयचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडली. नंतर जीपमध्ये बसून गेली.

मदत बंद झाली. महिन्याभरात टेम्पो आला आणि मशिन गेलं. पाटी राहिली. दिवाळीनंतर पाड्यातल्या बाया भिवंडीकडं वीटभट्टीवर निघाल्या, पोरांना पाठीवर बांधून. भीमी माझी लहानपणची मैत्रीण. जाताना माझ्या दारात थांबली.

“तुज्या आयची दोन बोटां गेली. आमचं तर दोनी हात गेलं.”

त्या वर्षी भीमीचं धाकटं पोर भट्टीवर तापानं गेलं. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तिचं म्हणणं मी नाकारत नाही. पण तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा तेच करीन.

पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या एका संस्थेचा माणूस वही घेऊन आला. परदेशी मदत आलीय, बायांना मशिन मिळेल, अध्यक्ष कोण, विचारू लागला. भट्टीवरून परतलेल्या बाया लांब उभ्या होत्या. भीमीही होती. माझ्याकडंच बघत होती.

मी म्हटलं, “मशिन येऊ द्या. चावी आमच्याकडं राहील. जाळी कुणी काढणार नाय. आणि पावना आला तर आमी बोलू, आमच्या तोंडानं.”

तो म्हणाला, अशा अटी नसतात.

तेवढ्यात आय पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजव्या हातानं. तीन वाकड्या बोटांत धरून तिनं तो पुढं केला. त्यानं मान खाली घातली आणि वहीत बघू लागला.

“वर बघा,” मी म्हटलं. “पाणी घ्या. मग लिवा. पहिली जाळीच लिवा.”