रिकाम्या पोटी, कॉफीसकट

मेवलिदा काहरिमानला वाटलं, आपण बऱ्या झालो.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी उभं राहून तिनं मोबाइलवर रक्ताचा अहवाल उघडला होता. टीएसएच ०.०२. तीन वर्षं हाच आकडा कधी नऊ, कधी चौदा यायचा आणि दर वेळी डॉक्टरीणबाईंचं तोंड वाकडं व्हायचं. आता जवळजवळ शून्य! आजाराचा आकडा शून्यावर आला म्हणजे आजार संपला, यात समजायचं ते काय? छाती मात्र लोहाराच्या घणासारखी ठोकत होती. हात इतका थरथरत होता की मोबाइल पिशवीत टाकताना बाहेरच पडला.

"पायऱ्या चढल्यामुळं होतंय," ती स्वतःशी म्हणाली. पायऱ्या अजून चढायच्याच होत्या.

मेवलिदा आमच्या पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवते. बोस्ना नदीच्या या काठावर असा बाप्या सापडायचा नाही, ज्यानं कधी मान वर करून तिला पाहिलं नाही. वर काचेच्या खोलीत ती, खाली टोप्या घातलेले ते. तिनं दांडा ओढल्याशिवाय एक सळई हलत नाही. तीन वर्षांपूर्वी गळ्याला गाठ झाली, थायरॉइडची ग्रंथी काढावी लागली. तेव्हापासून त्या ग्रंथीचं काम एक बारकी गोळी करते, रोज सकाळी, रिकाम्या पोटी. गोळी घेऊनही बाई सुस्तावलेली, सुजलेली, थंडीनं काकडणारी. शंभर मायक्रोग्रॅमची गोळी सव्वाशेची झाली, मग दीडशेची.

आणि गेल्या आठवड्यात दांड्यावरचा हात थरथरला. सळयांचा गठ्ठा झुलला आणि लोखंडी कठडा वाकवून थांबला. कुणाला लागलं नाही. पण कुणी बोलायच्या आत ती स्वतःच खाली उतरली. तेव्हापासून ती गोदामात बसून लोकांना हातमोजे वाटते. पुन्हा वर जायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तीच न्यायला ती आली होती.

डॉक्टर शेयलांनी संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"बसा. आधी बसा. धडधडतंय?"

"थोडं. चिठ्ठी द्या, मी निघते."

"कसली चिठ्ठी? मेवलिदाबाई, हा आकडा चांगला नाही, भयंकर आहे. तुमच्या अंगात औषध उतू चाललंय."

मेवलिदा हसली. मग त्यांच्या तोंडाकडं बघून थांबली. "शून्य वाईट?"

"क्रेनखाली इशारे देणारा माणूस असतो ना?"

"असतो. रासिम. घसा फाटेस्तोवर ओरडतो मेला."

"कधी ओरडतो?"

"माल पोचला नाही की."

"टीएसएच म्हणजे तुमच्या मेंदूखाली बसलेला रासिम. अंगाला औषध कमी पडलं की तो ओरडतो, आकडा चढतो. पुरेसं मिळालं की बेतानं बोलतो. आणि डोक्यावर मालाचा ढीग पडला की गप्पच होतो. आत्ता तो गप्प झालाय. हा खालचा आकडा बघा, टी-फोर. हा खरा माल. मर्यादेच्या कितीतरी वर गेलाय."

मेवलिदानं मोबाइल काढून अहवाल पुन्हा पाहिला. आकडा मोठा तेव्हा औषध कमी, आकडा लहान तेव्हा औषध जास्त. तीन वर्षं ती उलटं वाचत आली होती. असंच आणखी महिनाभर त्या काचेच्या खोलीत बसली असती तर? खाली रासिम उभा असतो. त्याच्या हाताखालची पोरं असतात.

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "खरं सांगा, मी रागावणार नाही. दोन-दोन गोळ्या घेताय का?"

झालं! बाईचा पारा चढला.

"वसंतात तुम्हीच म्हणालात, गोळ्या घेत नाही, मला फसवता. आता म्हणता दोन घेता! एकदा ठरवा पोरी, मी चोर आहे की अधाशी?" तिनं पिशवी उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलभर पसरली. वसंतापासून एकेक जपून ठेवलं होतं, याच टेबलावर आपटायला. "मोजा!"

डॉक्टरांनी मोजली नाहीत. त्यांनी एक पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं. मग त्यांनी जे विचारलं, ते तीन वर्षांत एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"गोळी घेता कशी? सकाळी उठल्यापासून सांगा."

"वसंतात कशी घ्यायचे ते, की आता?"

"फरक आहे?"

"आहे की. तेव्हा यागोदा यायची." यागोदा म्हणजे समोरच्या दाराची शेजारीण. दोघींचे नवरे गेले, पोरं परदेशी गेली, पण सकाळची कॉफी चुकली नाही. "उठायचं, तोंड धुवायचं, कॉफीचं भांडं गॅसवर ठेवायचं. ती यायची. गोळी जिभेवर, वर पहिला घोट."

"घोट कशाचा?"

"कशाचा म्हणजे? कॉफीचा!"

"रिकाम्या पोटी घ्या म्हणाले होते मी."

"मग रिकामंच होतं की! पावाचा कण नाही, साखरेचा खडा नाही. कॉफी म्हणजे काय खाणं झालं?"

डॉक्टरांचा हात टेबलावरच्या स्वतःच्या कपाकडं चालला होता. तो तिथंच थांबला. सकाळपासूनचा तिसरा कप. कुणी विचारलं असतं तर त्याही छातीवर हात ठेवून म्हणाल्या असत्या, अजून पोटात काही गेलं नाही. या गावात कॉफी खाण्यात कोण धरतं?

"आणि आता?" त्यांचा चेहरा उतरला होता.

"आता पाण्याबरोबर. कॉफी मग कारखान्यात, न्याहारीला. सकाळी घरात एकटीनं कॉफी पितात होय? त्या बाईशी मी बोलत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही मला खोटं पाडलंत त्या दिवसापासून."

त्या दिवशी ती रडत घरी आली होती. यागोदानं हसवायला म्हणून म्हटलं, "कुणी सांगावं बाई, जिभेखाली लपवून माझ्या कुंडीत थुंकत असशील. म्हणूनच माझं जिरेनियम एवढं फोफावलंय!" मेवलिदानं दोन्ही भरलेले कप उचलले आणि मोरीत ओतले. तेव्हापासून समोरासमोरची दोन्ही दारं बंद.

डॉक्टर सावकाश बोलल्या. "कॉफी त्या गोळीला अंगात शिरू देत नाही. तुम्ही गिळत होतात, कॉफी अडवत होती, मी डोस वाढवत होते. मग तुमचं भांडण झालं. कॉफी गेली, आणि दीडशेची अख्खी गोळी रोज काळजावर आदळायला लागली."

"म्हणजे मी खोटी नव्हते."

"नव्हतात. मी विचारलंच नाही. चूक माझी."

मेवलिदानं पाकिटं गोळा करायला घेतली. एका घोटानं तीन वर्षं खाल्ली होती, मैत्रीण खाल्ली होती, क्रेन खायला निघाला होता. माफी ऐकल्यावर सुनवायचं म्हणून कितीतरी शब्द तिनं साठवले होते. तेही तिनं पाकिटांसकट पिशवीत टाकले.

काळजाचा आलेख निघाला. गोळी पुन्हा शंभरची झाली. दोन महिन्यांनी परत रक्त, तोवर क्रेन नाही, हे डॉक्टरांनी दटावून सांगितलं.

घरी आल्यावर तिनं समोरचं दार ठोठावलं. यागोदानं फटीतून पाहिलं.

"काय गं, कोण मेलं?"

"मीच मरत होते. तुझ्या कॉफीनं."

"माझ्या? भांडं तुझं, गॅस तुझा, आणि कॉफी माझी?"

मेवलिदानं उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. यागोदाचा हात तोंडावर गेला. "देवा! अगं, रोज माझ्या डोळ्यांदेखत गिळायचीस तू. मी म्हणायचेसुद्धा, पी लवकर, गोळी कडू लागेल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि वर थट्टा केली मी."

"उद्यापासून ये. पण तासभर उशिरा. गोळी आधी, पाण्याबरोबर."

"आणि तो तास मी काय करू? भिंती चाटू?"

"चाट."

हिवाळ्यात अहवाल आला. दवाखान्याच्या पायऱ्यांशी उभं राहून मेवलिदानं तो उघडला. १.८. या खेपेला डॉक्टरांच्या आधी तिनंच वाचला: रासिम बेतानं बोलतोय. टी-फोर मर्यादेत. हात स्थिर. चिठ्ठी मिळाली.

पुन्हा वर चढायच्या दिवशी ती पहाटेच उठली, गोळी घेतली आणि घड्याळाकडं बघत बसली. तास भरायचा होता, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मेवलिदा! विरघळली का गं तुझी गोळी? इथं थंडीनं पाय गोठले माझे!"

"थांब अजून," मेवलिदा आतून ओरडली आणि कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. "उकळी येईस्तोवर थांब."